घरातल्या सीडी-डीव्हीडी किती वर्षे टिकतात? त्यांवरच्या आठवणी कशा वाचवाव्यात?

साधारण २००० ते २०१२ या काळातले आपल्या घरांतले बहुतेक समारंभ सीडी किंवा डीव्हीडीवर आहेत. लग्न, मुंज, साठी-शांत, गणेशोत्सवातले नाटुकले, घरी झालेली गाण्याची बैठक, आजीने सांगितलेली जुन्या लष्करची हकीकत. त्याआधीचे व्हीएचएस कॅसेटवर होते. पुढे तेही कुणीतरी सीडीवर उतरवून घेतले आणि कॅसेट टाकून दिल्या. त्यानंतरचे सारे मोबाइलमध्ये आहे. मधल्या बारा-पंधरा वर्षांची जी काही नोंद आहे ती कपाटातल्या या चकचकीत तबकड्यांवर, आणि पुष्कळ घरांत तिची दुसरी प्रत कुठेही नाही.

या तबकड्या आता पंधरा ते पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्या किती टिकतात, कशाने बिघडतात आणि त्यांवरचा मजकूर कसा वाचवावा, याची माहिती सभासदांसाठी या लेखात एकत्र दिली आहे.

छापील तबकडी आणि घरी लिहिलेली तबकडी

दुकानातून विकत आणलेली गाण्यांची सीडी आणि फोटोग्राफरने करून दिलेली सीडी दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. कंपनीच्या सीडीत साच्याने दाबून सूक्ष्म खळगे पाडलेले असतात. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर आणि वरून लाखेचे संरक्षक आवरण असते. म्हणजे मजकूर प्लॅस्टिकमध्येच कोरलेला असतो.

कोऱ्या सीडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, असे खळगे नसतात. तिच्यात प्लॅस्टिक आणि धातूचा चकचकीत थर यांच्यामध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. सीडी राइट करताना लेसरच्या उष्णतेने त्या रंगद्रव्यावर ठिपके पडतात. वाचताना ठिपक्यावरून प्रकाश कमी परततो, मोकळ्या जागेवरून जास्त, आणि या फरकातून यंत्र मजकूर ओळखते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात, डीव्हीडीसाठी ६५० चा आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा. लांबी जितकी कमी तितके ठिपके बारीक आणि मजकूर जास्त. म्हणून सीडीत ७०० एमबी, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि साध्या ब्लू-रेत २५ जीबी मावतात.

तिसरा प्रकार पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीचा. तिच्यात रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो आणि तो लेसरने तापवून त्याचे रूप बदलले जाते. चुकून पुसली जाण्याची शक्यता असल्याने कायमच्या साठवणीसाठी ती योग्य नाही.

थोडक्यात, घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकडीचे आयुष्य तिच्यातल्या रंगद्रव्यावर आणि धातूच्या थरावर अवलंबून असते. रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने विटते. धातू बहुधा चांदीचा असतो आणि हवेतला ओलावा व गंधकयुक्त वायू यांनी तो काळवंडतो, जशी देव्हाऱ्यातली चांदीची भांडी काळी पडतात. सोन्याचा थर असलेल्या तबकड्या काळवंडत नाहीत, पण त्या महाग असत आणि आपल्याकडे फारशा विकल्या गेल्या नाहीत.

किती वर्षे?

सीडी-आरचे प्रमाणपुस्तक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८८ मध्ये ठरवले. म्हणजे जगातली सर्वांत जुनी सीडी-आरसुद्धा अजून चाळिशीच्या आतच आहे. वेष्टनावर ‘१०० वर्षे’ असे छापलेले असते ते कुणी पाहून लिहिलेले नाही. प्रयोगशाळेत तबकड्या ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता अशा कडक स्थितीत काही आठवडे ठेवतात, त्या किती बिघडतात ते मोजतात आणि त्यावरून साध्या खोलीतल्या आयुष्याचा अंदाज बांधतात.

कॅनडाच्या सरकारी जतनसंस्थेने, कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने, प्रकारवार दिलेले अंदाज वास्तवाला धरून आहेत. नीट लिहिलेल्या आणि चांगल्या हवेत ठेवलेल्या तबकड्यांसाठी ते असे:

- सीडी-आर, थॅलोसायनिन रंगद्रव्य, सोन्याचा थर: १०० वर्षांहून अधिक
- सीडी-आर, थॅलोसायनिन रंगद्रव्य, चांदीचा थर: ५० ते १०० वर्षे
- कंपनीची छापील गाण्यांची सीडी: ५० ते १०० वर्षे
- सीडी-आर, सायनिन किंवा अ‍ॅझो रंगद्रव्य, चांदीचा थर: २० ते ५० वर्षे
- डीव्हीडी+आर, चांदीचा थर: २० ते ५० वर्षे
- डीव्हीडी-आर, चांदीचा थर: १० ते २० वर्षे
- डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि दुहेरी थराची डीव्हीडी: ५ ते १० वर्षे

या यादीतली एक ओळ आपल्याला थेट लागू पडते. लग्नाच्या चित्रणासाठी सर्रास वापरली गेलेली तबकडी म्हणजे चांदीच्या थराची साधी डीव्हीडी-आर. तिची मुदत १० ते २० वर्षे, आणि २००८ च्या लग्नाची डीव्हीडी या मुदतीच्या अखेरीस येऊन पोचली आहे. ती आज चालत असेल, पण पाच वर्षांनी चालेलच असे धरून बसणे धोक्याचे.

रंगावरून तबकडीचा प्रकार साधारण ओळखता येतो. खालची बाजू गडद निळी असेल तर अ‍ॅझो, निळसर-हिरवट असेल तर सायनिन, जवळजवळ चांदीसारखी फिकट असेल तर थॅलोसायनिन. मात्र एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळ्या कारखान्यांचा माल असे, त्यामुळे केवळ रंगावर किंवा कंपनीच्या नावावर विसंबू नये.

ग्वाल्हेरची हवा

वरचे आकडे चांगल्या हवेचे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, निस्टने, २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, जानेवारीत रात्री तो ५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. उष्णता वाढली की रंगद्रव्याचा आणि धातूचा बिघाड वेगाने होतो. तापमान सतत वर-खाली झाल्याने निरनिराळे थर कमी-जास्त प्रसरण पावतात आणि एकमेकांपासून सुटू लागतात.

म्हणून घरातल्या तीन जागा टाळाव्यात. पहिली, छताखालचा माळा. उन्हाळ्यात घरात सर्वाधिक तापणारी जागा तीच. दुसरी, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लोखंडी कपाट. तिसरी जागा पटकन लक्षात येत नाही: कूलरची खोली. वाळ्याच्या कूलरने खोली गार होते खरी, पण तो हवेत पाणी सोडूनच ती गार करतो. तिथे ठेवलेल्या तबकड्या उन्हाळाभर दमट हवेत राहतात. घराच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीकडचे लाकडी कपाट त्यातल्या त्यात बरे.

चालते म्हणजे चांगली आहे असे नाही

लोकांची फसगत होते ती मुख्यतः इथे. जुनी ध्वनिमुद्रिका किंवा कॅसेट हळूहळू बिघडते. खरखर वाढते, आवाज बारीक होतो, पण गाणे ऐकू येत राहते. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ १९२२ मध्ये वारले. त्यांचे गाणे ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांवरून शंभर वर्षांनंतरही ऐकायला मिळते, खरखरीसकट.

सीडीचे तसे नसते. सीडीवर मजकुराबरोबर चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. तिच्या जोरावर यंत्र सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग खंडही बिनचूक भरून काढते. त्यामुळे वर्षानुवर्षे तबकडी आतून खराब होत असली तरी ऐकणाऱ्याला काहीच जाणवत नाही. मग एक दिवस चुकांचे प्रमाण दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जाते. चित्रात चौकोन दिसू लागतात, सूर तुटतो किंवा यंत्र ‘डिस्क घाला’ एवढेच म्हणत राहते. मधली पायरी जवळजवळ नसते.

त्यामुळे उलट वाटले तरी नियम असा: तबकडी उत्तम चालते आहे तेव्हाच तिची प्रत काढायची. अडकू लागल्यावर उशीर झालेला असतो.

गाण्यांच्या सीडी आणि व्हीसीडी यांच्याबाबत जास्त घाई करावी. संगणकाच्या फाइली ठेवलेल्या डेटा सीडीत दुरुस्तीची एक जादा पातळी असते. गाण्याची सीडी आणि व्हीसीडीवरचे चित्रण यांत ती जागा मजकुरासाठी वापरलेली असते, म्हणून तेवढ्याच बिघाडाने त्या आधी हार मानतात.

आधी कोणत्या तबकड्या घ्याव्यात

सगळे एकदम होत नाही. घरातल्या तबकड्या एका टेबलावर मांडून त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. घरगुती बैठकीचे ध्वनिमुद्रण, ढोलीबुवांच्या मठातले कीर्तन कुणी स्वतः टिपले असेल तर ते, आजी-आजोबांच्या मुलाखती, मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रण. हा ढीग आधी संपवायचा. त्यातही डीव्हीडी-आर, आरडब्ल्यू आणि वर कागदी लेबल चिकटवलेल्या तबकड्या सर्वांत आधी.

दुसरा ढीग, ज्यांची प्रत नातेवाइकांकडे असण्याची शक्यता आहे. लग्नाच्या डीव्हीडी सहसा दोन्ही घरी दिलेल्या असतात. एक बिघडली असेल तर पुण्या-इंदूरच्या नातलगांकडे विचारावे. दोन्ही प्रती वेगवेगळ्या जागी बिघडल्या असतील तर दोन्ही मिळून एक पूर्ण प्रत तयार होऊ शकते.

तिसरा ढीग, विकत आणलेले चित्रपट आणि गाणी. यांना घाई नाही.

प्रत कशी काढावी

१. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी घालायची सोय नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो, तो दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी चालतो.

२. तबकडी आधी पाहावी. धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल-गोल पुसू नये, कारण मागाला समांतर चरा पडला तर सलग मजकूर जातो.

३. फोटो आणि फाइलींची सीडी असेल तर सगळे फोल्डर तसेच्या तसे उतरवावेत. डीव्हीडी असेल तर संपूर्ण तबकडीची आयएसओ प्रत करावी. तिच्यात मेनू, भाग, सगळे राहते. व्हीसीडीवरचे चित्रण ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या ‘डॅट’ फाइलीत असते, ती उचलावी.

४. गाण्याच्या सीडीवर साध्या फाइली नसतात, त्यामुळे ती नुसती कॉपी होत नाही. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या मोफत प्रोग्रॅमने ती डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी स्वरूपात उतरवावी. एमपी३ करू नये. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकते, आणि तानपुऱ्याच्या बारीक स्वरांत तो फरक जाणवतो.

५. प्रत काढल्यावर ती शेवटपर्यंत चालवून पाहावी. बिघाड बहुधा तबकडीच्या बाहेरच्या कडेला आधी होतो आणि मजकूर आतून बाहेर लिहिलेला असतो. म्हणून सुरुवात चांगली आणि शेवट गेलेला, असे पुष्कळदा आढळते. ज्यात पाठवणी आहे तो शेवटचा भाग नक्की पाहावा.

६. मूळ फाइल तशीच ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले चित्रण म्हणजे जतन केलेली प्रत नव्हे, कारण पाठवताना त्याचा दर्जा कमी होतो.

तबकडी वाचतच नसेल तर

लगेच टाकून देऊ नये. एका यंत्रात न चालणारी तबकडी दुसऱ्यात पुष्कळदा चालते, कारण प्रत्येकाच्या लेसरची संवेदनशीलता वेगळी असते. ज्या यंत्रावर ती लिहिली होती ते घरात असेल तर त्यावर अवश्य पाहावे. वाचण्याचा वेग कमी करून पाहावा. ‘आयसोबस्टर’ किंवा ‘डीडीरेस्क्यू’ यांसारखे प्रोग्रॅम खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग काढून घेतात आणि मग उरलेल्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात.

खालच्या बाजूचा चरा म्हणजे केवळ प्लॅस्टिकवरचा ओरखडा असतो. तो पॉलिश करणाऱ्या माणसाकडून काढून घेता येतो. घरी टूथपेस्ट लावून घासण्याचा उपाय एकमेव प्रतीवर करू नये. वरच्या, लेबलाच्या बाजूचा चरा मात्र घातक. सीडीत मजकुराचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो आणि त्याच्यावर फक्त लाखेचा पापुद्रा असतो. तबकडी उजेडासमोर धरली आणि टाचणीएवढी छिद्रे दिसली तर तेवढा मजकूर गेला असे समजावे. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि मजकूर त्यांच्यामध्ये असतो. त्यामुळे ती चऱ्यापेक्षा चिकटपट्टा सुटल्याने जास्त बिघडते. म्हणूनच डबीतून काढताना ती वाकवू नये. मधली कळ दाबून अलगद उचलावी.

मूळ तबकड्या ठेवताना

प्रत काढली तरी मूळ तबकडी ठेवावी. ती कडक डबीत, पुस्तकासारखी उभी ठेवावी. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे आल्बम टाळावेत. त्यातले प्लॅस्टिक तबकडीला चिकटते. लेबलाच्या बाजूने बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये. सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.

नव्या प्रती कशावर ठेवाव्यात

पुन्हा सीडीवर का नको? एकतर तबकडी बनवणारे आता फार थोडे उरले आहेत. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी होती आणि आपल्या घरांतल्या कितीतरी तबकड्यांवर तिचे नाव आहे. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. उरलेला जुना साठा घेऊ नये, कारण कोऱ्या तबकडीतले रंगद्रव्यही पाच ते दहा वर्षांत जुने होते. ‘एम-डिस्क’ नावाच्या प्रकारात सेंद्रिय रंगद्रव्य नसते आणि ती अधिक टिकाऊ आहे, पण तीही वाचायला यंत्र लागतेच.

यंत्राचा प्रश्न किती मोठा असतो, याचे उदाहरण इंग्लंडचे. १०८६ च्या डूम्सडे बुक या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लेसरडिस्कवर नवी नोंदवही काढली. पंधरा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला तज्ज्ञांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. कातड्यावर हाताने लिहिलेले मूळ पुस्तक मात्र आजही वाचता येते.

हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, इंटरनेटवरची साठवण, यांतले कोणतेही एकटे कायमचे नाही. म्हणून जगभर ३-२-१ चा नियम पाळतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. घरच्या हिशेबात याचा अर्थ असा की एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी इंटरनेटच्या साठवणीत, तिसरी दुसऱ्या गावी असलेल्या मुला-मुलीकडच्या हार्ड डिस्कवर. शंभर डीव्हीडींचा मजकूरही ५०० जीबीच्या आत बसतो, म्हणजे १ टीबीची एक डिस्क पुरते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ती जोडून पाहावी आणि पाचेक वर्षांनी बदलावी.

ग्वाल्हेरकरांना ही कल्पना नवी नाही. आपल्या घराण्याची गायकी कुठल्या एका वस्तूमुळे टिकलेली नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ती इथून शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले. १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय निघाले आणि भातखंड्यांच्या स्वरलिपीतून तीच बंदिश वहीत उतरली. कृष्णराव शंकर पंडितांची गायकी मैफलीत आणि शिष्यांच्या गळ्यात राहिली, ध्वनिमुद्रणातही राहिली. एकच चीज गळ्यात, वहीत आणि तबकडीवर, शिवाय दोन-तीन गावांत. एक जागा ओस पडली तरी दुसरीकडे ती शिल्लक होती.

नाव-गाव लिहायला विसरू नका

शेवटची गोष्ट यंत्राची नाही. ‘न्यू फोल्डर २’ नावाने ठेवलेल्या प्रतीचा वीस वर्षांनी कुणालाही उपयोग होत नाही. प्रत्येक फोल्डरच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव असावे, आणि आत एक छोटी मजकूर-फाइल: कोण गाते आहे, कोणता राग, साथीला कोण, पहिल्या ओळीत कोण कोण बसले आहेत, हे कुणी टिपले. ही माहिती तबकडीवर नसते, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून प्रती काढायला बसाल तेव्हा आजी-आजोबांना, काका-आत्यांना शेजारी बसवा, चित्रण लावा आणि ते बोलतील ते लिहून घ्या. त्या संध्याकाळी मोबाइलवर त्यांचा आवाजही टिपून ठेवा, आणि त्याच्याही तीन प्रती करा.